श्रमबचतीची पंगत

“साड्या काठापदराच्या हव्यात. पंजाबी ड्रेस कुणी घालायचा नाही. गजरे कॉलेजकडून मिळतील,” औंढेकर मॅडम म्हणाल्या. समोर उभ्या असलेल्या आम्हा मुलींवरून नजर फिरवत त्या माझ्यापाशी थांबल्या. “कालिंदी, तुझ्याकडे वाढप. मुख्य टेबलाचं.”

“मॅडम, उद्या मला टाकळीला जायचंय.”

“परवा जा.”

“परवा जाऊन काय उपयोग? सरूबाईंनी आज भुईमूग उपटलाय. बाकी सगळ्यांच्या शेंगा तोडून झाल्या. त्या एकट्या माझ्यासाठी थांबल्यात.”

“मग निरोप पाठव.”

“निरोप पाठवला म्हणून शेंगा थांबतील का, मॅडम?”

रुखसानानं मागून माझा पदर ओढला. माझी खोलीतली मैत्रीण ती, माझं तोंड सुटलं की काय होतं ते तिला माहीत होतं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हे चर्चासत्र आपल्या कॉलेजात पहिल्यांदा होतंय. दिल्लीहून, हैदराबादहून माणसं येतायत. आत्ता नको, कालिंदी.”

मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. गृहविज्ञान महाविद्यालय, विषय कौटुंबिक संसाधन व्यवस्थापन. विषयाचं नाव सांगितलं की समोरचा माणूस एक तर गप्प व्हायचा नाही तर हसायचा. आमचे काका हसणाऱ्यांतले. “म्हणजे धुणीभांडी, पण इंग्रजीतून,” असं ते चारचौघांत म्हणायचे. माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “ह्यात नेमकं काय शिकवतात?” मी म्हटलं, “बाईचा दिवस कुठं जातो, तिची ताकद कुठं खर्च होते, ती कशी वाचवायची, ते.” ते म्हणाले, “तुझी आई असती तर तिलाच विचारलं असतं. शीक.”

माझा प्रबंध भुईमुगाच्या शेंगा तोडणाऱ्या बायकांवर होता. आमच्याकडे उन्हाळी भुईमूग निघतो मे महिन्यात, ऐन उन्हात. वेल उपटून त्याचा ढीग घालतात आणि बायका उकिडव्या बसून हातानं एकेक शेंग तोडतात. बोटांची टोकं फाटतात, कंबर धरते. मी एक लोखंडी चौकट करून घेतली होती. तिच्यावर जाड जाळी. चारी बाजूंना चार बायकांनी उभं राहायचं आणि वेल जाळीवर आपटून ओढायचा, की शेंगा खाली पडतात. हातानं तोडताना आणि चौकटीवर तोडताना बाईच्या हृदयाचे ठोके किती वाढतात हे मोजायला विभागाकडे एक पट्टा होता. तो छातीला बांधायचा. टाकळीच्या बायकांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या इतक्या हसल्या की पहिल्या दिवशीचे ठोके कागदावर धरताच आले नाहीत.

आता मोजणीचा शेवटचा टप्पा राहिला होता. हंगाम संपत आला होता. सरूबाईंचं वावर गेलं की पुढच्या मे महिन्यापर्यंत काही नाही.

आणि उद्याच्या चर्चासत्राचा विषय होता, ‘शेतकरी महिलांचे श्रम आणि त्यांतील बचत’.

“मॅडम, मी उद्यासाठी लिहिलेला शोधनिबंध कुणी वाचायचा?” मी विचारलं.

“उदावंत सर वाचतील.”

डॉ. उदावंत कृषी अभियांत्रिकीचे. चौकटीचं वेल्डिंग चाललं होतं तेव्हा एकदा येऊन “अँगल जरा जाड घ्या” एवढं सांगून गेले होते.

“त्यांनी का?”

“मोठी सभा आहे. तुला सवय नाही. आणि तुझं नाव आहे की, शेवटी आभारात.”

“आणि अभियांत्रिकीची मुलं उद्या काय करणार?”

“कोणती मुलं?”

“एम.टेक.ची. आमच्याच वर्षाची.”

मॅडमनी चष्मा परत चढवला. “ती श्रोत्यांत बसतील. जा आता, रांगोळीचे रंग आले का बघ.”

त्या रात्री मी उशी बुक्क्यांनी बडवली. पण सकाळी काठापदराची साडी नेसले, गजरा माळला. रुखसाना दारात उभी राहून पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडत होती. आमच्यातल्या दोघी ओवाळायला होत्या, दोघी स्वागतगीताला. सभागृहाच्या पुढच्या रांगांत एम.टेक.ची मुलं छातीला नावाच्या पट्ट्या लावून बसली होती. आमच्या छातीवर पट्ट्या नव्हत्या. उदावंत सर माझा निबंध वाचत होते आणि मी भोजनमंडपात टेबलांवर चादरी अंथरत होते. ध्वनिक्षेपक मंडपापर्यंत ऐकू येत होता. “आमच्या विभागानं विकसित केलेली ही चौकट,” असं ते तीनदा म्हणाले.

रुमाल आणायला मी बाहेर आले, तर अतिथिगृहाच्या मागं विद्यापीठाची जीप उभी होती. जीपच्या सावलीला तीन बायका बसल्या होत्या. मधे ओलं पोतं पांघरलेला वेलांचा ढीग.

“सरूबाई?”

सरूबाई उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. सोबत कौसाबाई आणि त्यांची सून अंजना. माझी साडी पाहून अंजनाला हसू आलं. “बाई, तुमचं लगीन हाये का आज?”

“तुम्ही इथं कशा?”

“आता गं बया,” सरूबाई म्हणाल्या. “तुमीच तं बोलीवलं. ह्यो डायवर आला सकाळच्या पाऱ्यात. म्हनला, बाईनं सांगितलंय, येल घेऊन चला, मोठ्या सायबांना काम करून दाखवायचंय.”

“मी नाही बोलावलं.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “मंग कुनी?”

मला उत्तर द्यायची लाज वाटली. हिरवळीवर माझी चौकट ठेवलेली होती. खाली लाल गालिचा, चौकटीला झेंडूचा हार. म्हणजे जेवणानंतर पाहुण्यांसमोर ह्यांना उभं करायचं ठरलं होतं. माझ्या नावानं बोलावलं होतं, आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं.

“जेवलात का?”

“भाकरी बांधाया लागले तं डायवर म्हनला, तितं जेवनाचीच सोय हाये. बसलो मंग.”

“पाणी तरी?”

अंजनानं हिरवळीच्या कडेच्या नळाकडे बोट केलं. “पिळून बघितला. वारा येतोय नुसता.”

मी आतून पाण्याची घागर आणून दिली आणि मॅडमना शोधायला गेले. त्या मंडपाच्या तोंडाशी उभ्या राहून पुऱ्यांचा अंदाज घेत होत्या.

“मॅडम, टाकळीच्या बायका बाहेर उन्हात बसल्यात. सकाळपासून. त्यांना वाढते.”

“त्यांची जेवणाची पाकिटं सांगितलीत.”

“कधी येणार?”

“पाहुण्यांचं उरकलं की.”

“पाहुण्यांचं उरकलं की त्यांनी काम करून दाखवायचं. मग खायचं कधी?”

“कालिंदी, आत्ता नको.” त्यांनी माझा दंड धरला. “डीन सर बघतायत.”

पाहुणे आले. पंगत बसली. श्रीखंड, पुरी, मसालेभात, भजी. मी मुख्य टेबलाला श्रीखंड वाढत होते. दिल्लीचे एक गृहस्थ शेजारच्यांना सांगत होते की ग्रामीण स्त्री सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी जेवते, ह्याची आकडेवारी त्यांच्याकडे आहे. त्यांनी वाटी पुढं केली. मी वाढलं. त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

टेबलाच्या टोकाला काही खुर्च्या रिकाम्या होत्या. मी श्रीखंडाचं पातेलं तसंच हातात धरून बाहेर गेले.

“चला आत.”

“आमी हितंच बरे हाव,” कौसाबाई म्हणाल्या.

“चला म्हणते ना.”

त्या पाय झटकून आत आल्या. मी त्यांना खुर्च्यांवर बसवलं आणि ताटं मांडली. हैदराबादच्या एक वयस्क बाई शेजारी होत्या, त्यांनी आपली खुर्ची सरकवून सरूबाईंना जागा करून दिली. सरूबाईंनी पुरीचा पहिला तुकडा मोडला.

“ह्यांना इथं कुणी बसवलं?”

डीन सेलूकर सर माझ्या मागं उभे होते. आवाज हलका, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू तसंच.

“मी.”

“उठवा.”

“का सर?”

ते सरूबाईंकडे वाकले. “बाई, तुमची सोय तिकडं केलीय. इथं नाही बसायचं.”

सरूबाईंचा हात तोंडाशी जाऊन थांबला. त्यांनी तो तुकडा ताटात परत ठेवला. पदर सावरला. उठल्या. त्यांच्याबरोबर कौसाबाई उठल्या, अंजना उठली. तिच्या हाताला श्रीखंड लागलं होतं, ते कुठं पुसावं तिला कळेना.

आयुष्यात मी पुष्कळ वेळा चिडले आहे. पण ती अंजना खरकटा हात अंगापासून लांब धरून उभी होती, तेव्हा मला जो संताप आला तसा त्याआधी आणि त्यानंतर कधी आला नाही.

“थांबा!” मी ओरडले. अख्खा मंडप वळला. “तुम्ही सगळे इथं कुणाचे श्रम वाचवायला आलात? ह्यांचेच ना? ह्या त्या. ही सरूबाई. ही कौसाबाई. ही अंजना. तुम्ही सकाळपासून ज्यांच्यावर बोलताय त्या सकाळपासून बाहेर उपाशी बसल्यात. आणि त्यांना ताटावरून उठवतायत!”

दिल्लीच्या गृहस्थांनी विचारलं, “क्या हुआ?”

“कुछ नहीं सर,” डीन सर म्हणाले. “बच्ची है.”

मी पातेलं टेबलावर आदळलं. ते कलंडलं की काय ते मी पाहिलं नाही. पदर खोचला आणि बाहेर पडले. बायका माझ्या मागं. हिरवळीवर जाऊन मी चौकटीचा हार काढून फेकला आणि अंजनाला म्हटलं, “धर त्या बाजूनं.”

उदावंत सर धावत आले. “मिस मस्के! ही विद्यापीठाची मालमत्ता आहे!”

“लोखंड माझ्या वडिलांनी आणून दिलंय, सर. वेल्डिंग बसस्टँडमागच्या शेख चाचांनी केलंय. विद्यापीठाचा गालिचा आहे, तो राहू द्या.”

मांडवाच्या खुर्च्या टाकून एक टेम्पो परत निघाला होता. त्यात आम्ही चौकट चढवली, वेल चढवले, आणि चढलो. मागं वळून पाहिलं तेव्हा औंढेकर मॅडम मंडपाच्या दारात उभ्या होत्या. मी वाढायचं सोडलेलं पातेलं त्यांच्या हातात होतं.

टाकळीला पोचल्यावर सरूबाईंनी आधी चूल पेटवली. पिठलं-भाकरी झाली. मी आधी मोजणी करू म्हटलं तर म्हणाल्या, “जीव सुकला तं ठोके कशाचे मोजता? खा.” मग चिंचेखाली चौकट मांडली. ठोक्यांचा पट्टा मागच्या खेपेपासून सरूबाईंच्या घरीच होता. मी काठापदराच्या साडीत, गजऱ्यासकट, दिवस कलेपर्यंत ठोके टिपत राहिले. राग अंगात इतका होता की माझेच मोजले असते तर पट्टा तुटला असता.

दुसऱ्या दिवशी मला काढून टाकतील अशी माझी खात्री होती. मी ट्रंक भरून ठेवली. काही झालं नाही. आठवडा गेला, काही झालं नाही. मॅडम मला भेटत, प्रकरणं तपासत, चुका दाखवत. त्या दिवसाबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. मला वाटलं, पाहुण्यांसमोर शोभा झाली म्हणून त्यांनाच लाज वाटली असेल. मी जिंकले, असं मला वाटत होतं.

प्रबंध पुरा झाला. तो पुढं पाठवायचा तर डीन सरांची सही लागते. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी पानं चाळली, पेन काढलं आणि माझ्याकडे पाहून मायाळू हसले.

“आता बरी आहेस ना?”

“मला काय झालंय, सर?”

“नाही, त्या दिवशी,” त्यांनी पेनानं हवेत एक गोल काढला. “मॅडमनी सांगितलं मला सगळं. तुझे ते दिवस होते, त्रास जास्त होतो तुला, डोक्यावर परिणाम होतो म्हणून. आमच्याही घरात बायका आहेत. समजतं आम्हाला. उदावंत तर तक्रार करायला निघाले होते, मीच थांबवलं. म्हटलं, अहो, मुलीची जात, महिन्याला असं व्हायचंच.”

मी पुढं हात करून प्रबंध ओढून घेतला. सही व्हायची होती अजून. तसाच छातीशी धरून मी मॅडमच्या खोलीत गेले.

“तुम्ही त्यांना काय सांगितलंत?”

मॅडमना लगेच कळलं. त्यांनी दार लावून घेतलं. “बस.”

“मी बसत नाही. मला वेड लागलं होतं म्हणून सांगितलंत?”

“वेड नाही म्हटलं.”

“ते दिवस म्हटलंत! त्या दिवशी माझं डोकं जेवढं ठिकाणावर होतं तेवढं जन्मात नव्हतं, मॅडम. आणि तुम्ही त्याचं हे करून टाकलंत? तीन बायकांना ताटावरून उठवलं ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. माझी पाळी तेवढी लक्षात राहिली!”

“हळू बोल.”

“का हळू?”

“तुला काढणार होते, कालिंदी!” त्यांचाच आवाज चढला. “त्याच संध्याकाळी. कागद तयार होता. मी काय सांगायला हवं होतं? की ती बरोबर आहे? ऐकलं असतं कुणी? त्यांना जे पटकन पटतं ते मी सांगितलं. ते विचारत नाहीत त्याच्यापुढं काही. लाजतात. मी ह्या कॉलेजात आले तेव्हापासून हेच करत आलेय. कुणाचं डोकं दुखतं, कुणाचं लग्न ठरतंय, कुणाचे ते दिवस. अशा किती मुली मी पार नेल्या तुला ठाऊक नाही.”

“आणि त्या सगळ्यांच्या हातात पातेलं दिलंत.”

त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले.

“मॅडम, आपण शिकवतो काय इथं? बाईची ताकद कुठं वाया जाते ते. तुमची कुठं गेली?”

मी उत्तराला थांबले नाही. परत डीन सरांच्या केबिनमध्ये गेले. तिथं दोन प्राध्यापक येऊन बसले होते. बरं झालं, म्हटलं.

“सर, मॅडमनी तुम्हाला सांगितलं ते खरं नाही. त्या दिवशी मला काहीही झालं नव्हतं. मी पूर्ण शुद्धीत होते. आजही आहे. जे बोलले ते खरं होतं म्हणून बोलले.”

सरांचं हसू हळूहळू गेलं. “तुला कळतंय का तू काय म्हणतेयस? मग ती बेशिस्त होते. मग मला वेगळा विचार करावा लागेल.”

“करा.”

ते माझ्या खांद्यावरून मागं बघायला लागले. मी वळले. औंढेकर मॅडम दारात आल्या होत्या. पळत आल्या असाव्यात, धाप लागली होती.

“मॅडम,” डीन सर म्हणाले, “ही काय म्हणतेय? खरं काय ते तुम्हीच सांगा.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या दोन प्राध्यापकांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. मला वाटलं, आता ‘आत्ता नको’ म्हणतील.

“मी खोटं बोलले होते,” त्या म्हणाल्या. “ती बरोबर होती. त्या बायकांना बसवायचं काम माझं होतं. ते तिनं केलं. ती चौकटही तिची आहे, उदावंतांची नाही. हे मला तेव्हाच बोलायला हवं होतं.”

मग डीन सरांनी बसल्या जागेवरूनच पाण्याचा पेला पुढं सरकवला.

“बसा, मॅडम. पाणी घ्या. तुम्हाला बरं वाटत नाहीये.”

“मला उत्तम वाटतंय, सर,” मॅडम म्हणाल्या. पेल्याला त्यांनी हात लावला नाही.

ह्याची किंमत आम्ही दोघींनी दिली. माझा प्रबंध ‘अपुरी मोजणी’ म्हणून अडवला आणि मला एक अख्खा हंगाम परत करावा लागला. टाकळीच्या बायकांनी तो करू दिला, म्हणून पदवी मिळाली. मॅडमचं विभागप्रमुखपद त्यांच्या हाताखालच्या बाईंना दिलं. पुढं निवृत्तीपर्यंत त्या साध्या प्राध्यापक राहिल्या. चौकट विद्यापीठाच्या प्रदर्शनात बरीच वर्षं होती आणि तिच्यावर नाव उदावंतांचंच होतं. ते अजून मला सहन होत नाही, आणि होऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

पण त्या दुपारी आम्ही केबिनमधून बाहेर पडलो तेव्हा हे काही माहीत नव्हतं. मॅडम माझ्याशी बोलत नव्हत्या, मी त्यांच्याशी. त्या तशाच चालत कॉलेजच्या फाटकाबाहेर गेल्या, आणि का कोण जाणे, मीही मागं गेले. फाटकासमोर चहाची टपरी होती. तिथं सदानकदा मुलं, प्राध्यापक, शिपाई असे पुरुष उभे असायचे. आमच्या कॉलेजातली कुणी बाई तिथं थांबत नसे. थांबायचं नाही, असं कुणी सांगितलंही नव्हतं.

मॅडम त्या घोळक्यात शिरल्या. माणसं दचकून बाजूला झाली. टपरीवाल्यानं त्यांना ओळखलं आणि गडबडीनं किटली पुसली.

“केबिनला पाठवून देतो, मॅडम. पोऱ्या आणून देईल.”

“नको,” मॅडम म्हणाल्या. “दोन दे. आम्ही इथंच उभ्यानं पिणार आहोत.”